वरसईची कावड : ‘माझा प्रवास’ घरच्या बाजूने वाचताना

पुस्तकाकडे वळण्याआधी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी देवघरात, किंवा देवघराच्या वरच्या फळीवर, तोंड बंद केलेला तांब्याचा छोटा गडू होता? गंगेचा गडू. बरेच हात वर आले. गिरगावातल्या चाळींतून आमचं लहानपण गेलं, आणि तिथे दहाबाय दहाच्या खोलीतसुद्धा या गडूला जागा होती. कुणी आणला, कधी आणला, हे बहुतेकांना ठाऊक नसायचं. तो एकदाच फोडायचा असतो आणि कशासाठी फोडायचा असतो, एवढं मात्र पोरासोरांनाही कळायचं. म्हणून आम्ही त्याला कधी हात लावला नाही.

आज ज्या पुस्तकावर बोलायचं आहे, ते आमच्या मते या गडूचं पुस्तक आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचं ‘माझा प्रवास’. आता तुम्ही म्हणाल, अहो, ते तर झाशीच्या राणीचं पुस्तक, सत्तावन्नच्या बंडाचं. शाळेत तसंच सांगतात. ते खोटं नाही. १८५७-५८ मध्ये मध्य हिंदुस्थानात काय झालं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिणारा साधा माणूस आपल्याकडे हाच, आणि इतिहासवाल्यांनी त्याची साक्ष काढली हे योग्यच झालं. पण साक्षीदार म्हणून एखाद्याला पिंजऱ्यात उभं केलं की त्याला फक्त घटनेबद्दल विचारलं जातं. तू तिथे कशाला गेला होतास, घरी कोण होतं, परत जाताना हातात काय होतं, हे वकील विचारत नाही. आम्हाला ते विचारायचं आहे.

तर सुरुवातीपासून बघू. पेण म्हटलं की तुम्हा-आम्हाला गणपती आठवतात. दादरला आणि लालबागला मूर्ती येतात त्या पेणच्या. त्याच पेण तालुक्यात वरसई हे गाव. डोंगराच्या कुशीतलं, भातशेतीचं, आणि त्या काळी वैदिकांचं म्हणून नावाजलेलं. तिथल्या एका भिक्षुकाच्या घरातला विष्णुभट हा मुलगा. १८५७ साली तिशीच्या आसपासचा. घरावर कर्ज. यजमानकृत्यावर चालणाऱ्या घरात कर्ज कसं होतं हे सांगायला नको. लग्नं-मुंजी होतात, पीक एखाद्या वर्षी दगा देतं, व्याज चढत जातं. अशात बातमी येते, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यासाठी लाखांनी रुपये खर्च व्हायचे आहेत. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल. या हिशेबावर पोरगा बाहेर पडायचं ठरवतो.

पुस्तकाचं पहिलं पाऊल हे असं आहे. बंड नाही, देश नाही, धाडस नाही. सावकार आहे. आणि या पहिल्या पावलावर आपले टीकाकार थांबतच नाहीत. ‘द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेला’ एवढं एका ओळीत सांगतात आणि झाशीला पोचतात. आम्हाला ही ओळ फार महाग वाटते.

त्या वर्षी मुंबईत काय चाललं होतं ते आठवा. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. ताडदेवची पहिली कापडगिरणी नुकती चालू झाली होती. जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. आणि ऑक्टोबरच्या १५ तारखेला एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. गिरगावातून तिथे चालत अर्धा तास लागतो. वरसईहून मुंबई खाडी ओलांडून एका-दोन दिवसांवर, ग्वाल्हेर मात्र हजारावर किलोमीटर दूर. तरी विष्णुभट मुंबईकडे वळत नाही, उत्तरेकडे वळतो. कारण त्याच्या डोक्यातला नकाशा पेशवाईतला आहे. विद्येला मान आणि दक्षिणा कुठे, तर शिंद्यांकडे, होळकरांकडे, झाशीला, ब्रह्मावर्ताला. त्याच्या पुढच्या एक-दोन पिढ्यांत हा नकाशा बदलला. पेण, अलिबाग, महाड, रत्नागिरीची माणसं धरमतरला नाहीतर बंदरावर बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरायला लागली. कुणी मुगभाटात, फणसवाडीत राहिलं, कुणी परळ-लालबागला गिरणीच्या आसऱ्याने. निघायचं कारण मात्र तेच राहिलं. घरावरचं कर्ज. चाकरमानी हा शब्द आपण गमतीने वापरतो, पण प्रत्येक चाकरमान्याच्या मागे गावात एक गहाणखत असायचं.

म्हणून आम्ही म्हणतो, विष्णुभट हा आपला फार लांबचा माणूस नाही. पहिल्या दहा पानांत तो आपल्या घरातला वाटतो. जाऊ की नको यावर घरात जी बोलणी होतात ती बघा. हिंदुस्थानात भांग फार पितात, तिकडच्या बायका मायावी, पोरगा एकदा गेला की तिकडचाच होईल, ही धास्ती. हसू येतं, आणि दुसऱ्याच क्षणी आठवतं, की मुंबईला निघालेल्या मुलाबद्दल आपल्या आज्या-पणज्या हेच बोलत होत्या. फक्त भांगेच्या जागी दुसरं व्यसन, आणि मायावी बायकांच्या जागी फोरास रोड.

यावर तोडगा निघतो तो काकांचा. रामभट काका सोबत जाणार, पोराला सांभाळून नेणार आणि सांभाळून आणणार. या पुस्तकातलं सगळ्यात सुंदर नातं कुठलं असं कुणी विचारलं तर आम्ही राणीचं नाव घेणार नाही. काका-पुतण्याचं नाव घेऊ. वडील-मुलगा या नात्यात अधिकार असतो, धाक असतो, आणि जुन्या घरांत तर दोघं समोरासमोर बसून चार वाक्यं बोलत नसत. काकाचं तसं नाही. तो वडीलधारा आहे, पण सोबतीही आहे. चुलीवरच्या भाताला ऊन मिळालं नाही तर दोघं मिळून कुरकुरतात. घरात राहिले असते तर या दोघांना एकमेकांची खरी ओळख झाली असती का, आम्हाला शंका आहे. घरात माणूस नात्याच्या नावाने ओळखला जातो. रानात तो भितो कसा, उपाशी असताना वागतो कसा, कुणाला फसवतो, कुणाला फसतो, हे दिसतं. सातपुड्याच्या आणि विंध्याच्या रस्त्यात, पुढे बुंदेलखंडाच्या उजाड मुलखात या दोघांचं नातं घडत जातं. लेखक ते कुठेही शब्दांत पकडून सांगत नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. पण वाचताना लक्षात येतं, की ‘मी’ हा शब्द हळूहळू मागे पडतो आणि ‘आम्ही’ पुढे येतो.

आणखी एक गोष्ट या वाटेवर सतत होते. गाव आलं, धर्मशाळा आली, एखादा वाडा आला, की पहिला प्रश्न : कुठले? उत्तर : वरसईचे. मग शाखा, गोत्र, आडनाव, तुमच्याकडचे अमुक ओळखीचे का. आणि पाच मिनिटांत परक्या मुलखात एक ओटी मिळते, पान मांडलं जातं. ग्वाल्हेर-झाशीकडे तेव्हा मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वसलेली होती. झाशीत केशवभट मांडवगणे यांच्याकडे त्याला आसरा मिळतो तो याच रीतीने. आज आपण ‘नेटवर्क’ म्हणतो तेच, पण त्याचा पाया नातं हा होता. किंवा नात्याची भाषा म्हणू. प्रत्येक मुक्कामाला त्याला आपल्या पूर्वजांचं नाव घ्यावं लागतं, आणि प्रत्येक मुक्कामाला ते नाव नाण्यासारखं वाजवून बघितलं जातं. वारसा म्हणजे काय, हे वरसईत राहून त्याला कळलं नसतं, कारण तिथे कुणी ‘कुठले’ असं विचारतच नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं.

इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९५७ ची. विष्णुभटाच्या प्रवासाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. योगायोग. तिथे नर्मदेच्या काठाने परिक्रमा आहे, शूलपाणीचं जंगल आहे. आणि तिथला प्रवासी आपलं नाव टाकून देतो. तो ‘कुणी एक’ होतो. रानात जायचं ते घर विसरायला, नाव विसरायला, स्वतःला शोधायला, ही प्रवासाची कल्पना आपल्याला आता फार ओळखीची झाली आहे. दर शनिवारी रात्री दादर स्टेशनवर पाठीवर सॅक लावून कर्जत-कसाऱ्याची गाडी पकडणारी पोरं बघा. बहुतेक जण आठवडाभर चिकटलेलं नाव दोन दिवस उतरवून ठेवायला जातात. त्यात वाईट काही नाही. आम्हीही गेलो आहोत. पण विष्णुभटाचा प्रवास उलट्या जातीचा आहे. त्याला नाव टाकणं परवडणारच नव्हतं. नाव टाकलं तर रात्री जेवण नाही. दांडेकरांचं पुस्तक अधिक देखणं आहे हे कबूल. भाषेची ती श्रीमंती गोडशांकडे नाही. तरी घर म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर आम्ही गोडशांकडे जाऊ.

झाशीचा भाग तुम्ही वाचलेला असणार, त्यामुळे त्यावरून भरभर जातो. मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला आणि एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. पुढे जी कत्तल आणि लूट झाली ती या माणसाने आतून, लपलेल्या जागेतून पाहिली. बाहेरून, टेकडीवरून पाहणारे अधिकारी पुष्कळ होते आणि त्यांच्या आठवणी इंग्रजीत छापून आल्या. घराच्या आतून, दाराची कडी कधी तुटते याची वाट पाहत लिहिलेलं मराठीत एवढंच. त्या लुटीत त्याच्या गाठीचं द्रव्यही गेलं. ज्यासाठी घर सोडलं ते गेलं. पुस्तक इतिहास म्हणून वाचणाऱ्याला हा तपशील बारीक वाटतो. कर्जाच्या बाजूने वाचलं तर पुस्तकाचा मोडता क्षण हाच आहे.

मग काल्पीच्या वाटेवरचा तो विहिरीचा प्रसंग. पुरुषी वेषातली, धुळीने माखलेली राणी, तहानलेली. हा भिक्षुक पाणी काढून द्यायला पुढे होतो आणि ती त्याला थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे तिला बरं वाटत नाही, ती स्वतः मडकं ओढते. मग नशिबाबद्दल चार शब्द बोलते. आपण विधवा, अर्धा शेर तांदळावर आपलं भागलं असतं, अशा अर्थाचे. या प्रसंगावर नाटकं झाली, चित्रं निघाली. आपण तिथे वीरांगना बघतो. आम्हाला तिथे ओळखीची पद्धत दिसते. विहिरीवर राणी आणि प्रजा भेटत नाहीत. ब्रह्मावर्ताला वाढलेली एका मराठी भिक्षुकी घरातली मुलगी, आणि वरसईचा एक भिक्षुक, असे दोघं भेटतात. दोघांनाही घराची रीत ठाऊक आहे आणि राज्य गेल्यावरही ती सुटत नाही. रानात, ऐन धावपळीत, पाणी कुणी काढायचं याचा विचार दोघं करतात. आपल्याला आज हे सोवळ्याचं खूळ वाटेल, आणि त्याबद्दल पुढे बोलतोच. पण प्रसंगाचं वजन कशात आहे ते आधी बघायला हवं.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दक्षिणा गेली. यज्ञ राहिला बाजूला. जीव वाचला हेच पुष्कळ. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? सरळ घरचा रस्ता धरेल. विष्णुभट ते करत नाही. मुलूख अजून पेटलेला आहे, रस्त्यावर दोन्हीकडचे लोक लुटतात, आणि हा माणूस तीर्थं करत गंगेकडे जातो. आणि परत निघताना गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतो. दोन टोकांना दोन भांडी, मध्ये बांबू. कावडीचे नेम तुम्हाला ठाऊक आहेत. वाटेत ती जमिनीला टेकवायची नाही, सोवळं सांभाळायचं. रिकाम्या हाताने चालणं कठीण अशा रानवाटांनी हे ओझं घेऊन तो हजारावर किलोमीटर येतो.

का? भाविक होता, म्हणून. हे उत्तर अर्थातच बरोबर आहे, आणि ते देऊन थांबता येतं. पण पुस्तकाची रचनाच आपल्याला थांबू देत नाही. ज्याला रुपये आणायचे होते तो पाणी आणतो आहे. रिकाम्या हाताने घरी जायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता, असं आम्हाला वाटतं. आईवडिलांना गंगेपर्यंत नेणं शक्य नाही, तर गंगा त्यांच्यापर्यंत न्यायची. सावकाराचं देणं राहिलं. दुसरं एक देणं होतं, ते तरी फेडू. शास्त्रात पितृऋण म्हणतात ते. वरसईला पोचल्यावर त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं, आणि पुस्तक खऱ्या अर्थाने तिथे पुरं होतं. झाशीत नाही. गाठीला तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं.

परळ-लालबागच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. गावी जाताना हातात काही ना काही हवंच. गिरणी चालू होती तेव्हा मिलचं कापड, आईला लुगडं, पोरांना बिस्किटांचे पुडे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि महिने जात राहिले. आमच्या शेजारचे एक गृहस्थ त्या वर्षी शिमग्याला गावी गेलेच नाहीत. पैसे नव्हते हे एक कारण. दुसरं ते स्वतःच सांगायचे : मोकळ्या हाताने घराची पायरी चढायची लाज वाटली. शेवटी गणपतीला गेले ते काय घेऊन गेले? चौपाटीवरच्या समुद्राचं पाणी, बाटलीत भरून. म्हातारीच्या सांध्यांना चोळायला. कोकणात समुद्राला काय तोटा, पण त्यांचं गाव वर घाटाच्या पायथ्याला. आम्ही तेव्हा हसलो होतो. ‘माझा प्रवास’ दुसऱ्यांदा वाचल्यावर हसू आलं नाही.

आता थोडं कडू. हे पुस्तक आपल्यापर्यंत आलं कसं? भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्यामुळे. विष्णुभट हे वैद्यांच्या घरचे उपाध्ये. त्यांच्या तोंडून या गोष्टी ऐकून वैद्यांनी त्यांना त्या लिहून काढायला लावलं, १८८३ च्या सुमारास. म्हणजे घटना घडून पंचवीस वर्षं झाल्यावर. सरकारची भीती असल्यामुळे लिखाण बासनात राहिलं आणि वैद्यांनी १९०७ साली छापलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एवढा मोठा माणूस. पण छापताना त्यांनी भाषा साफ केली. भिक्षुकाचं ओबडधोबड, बोलीतलं, मध्येच भलतीकडे भरकटणारं सांगणं त्यांनी कातून नीट केलं आणि जे अप्रशस्त वाटलं ते गाळलं. मूळ हस्तलिखित त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली केलं, नष्ट केलं नाही, हे त्यांचे उपकार. त्याच्याबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलं. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक जे ‘माझा प्रवास’ म्हणून वाचत होता, ते अर्धं वैद्यांचं होतं.

वैद्यांवर संशोधकी राग काढणं सोपं आहे. आम्हाला तो काढायचा नाही, कारण त्यांनी जे केलं ते आपण सगळे घरोघरी करतो. घरातला शिकलेला माणूस जुन्या माणसाची हकिगत लिहून घेतो आणि सुधारतो. दादरच्या आणि गिरगावच्या किती तरी घरांत कुलवृत्तांत आहेत. जाड, पुठ्ठाबांधणीचे. मूळ पुरुष, शाखा, उपशाखा, कोण मामलेदार, कोण वकील. त्यात कर्ज आहे का? कुणी पळून गेला, कुणाला वेड लागलं, कुणी परजातीत लग्न केलं म्हणून नाव गाळलं, हे आहे का? मुलींचं तर एका ओळीत आवरतात. आम्ही आमच्याच घराण्याचा वृत्तांत चाळला तेव्हा आमचे खापरपणजोबा ‘व्यवसायानिमित्त मुंबईस आले’ असं सापडलं. आजी वेगळं सांगायची. जमीन लिहून दिल्यावर रातोरात तराफ्यातून आले होते. कुलवृत्तांतातल्या त्या वाक्यात खोटं काहीच नाही, आणि माणूस मात्र पार नाहीसा झाला आहे. वैद्यांच्या आवृत्तीत विष्णुभट नाहीसा होत नाही, एवढा तो चिवट आहे. पण पोतदारांची प्रत शेजारी ठेवून वाचा. चालणाऱ्या माणसाच्या पायाला लागलेला चिखल दुसऱ्या प्रतीत दिसतो, पहिल्या प्रतीत पाय धुतलेले आहेत.

आणि विष्णुभटालाही सोडता येणार नाही. मघा सोवळ्याबद्दल बोलतो म्हटलं होतं. त्याला प्रत्येक गावात जी ‘आपली माणसं’ भेटली, ती जातीने आपली होती. हाच प्रवास त्याच वर्षी वरसईतल्या एखाद्या कातकऱ्याने केला असता तर ‘कुठले’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर ओटी मिळाली नसती. वाटेत ज्यांनी ओझी वाहिली, वाट दाखवली, नदी उतरवली, त्यांची नावं या पुस्तकात शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल. भिल्ल दिसतात ते वाटमारीच्या भीतीतून. घरी मागे राहिलेल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली हेही आपल्याला कळत नाही. निरोप नाही, पत्र नाही, मुलूख पेटल्याच्या बातम्या येत असणार. स्नानाच्या प्रसंगी आई समोर येते, पण तिचं बोलणं आपल्या कानावर जवळजवळ पडतच नाही. लालबागच्या चाळीतून ज्यांचे आजे घाट उतरून पायी मुंबईला आले, त्यांनीही अशाच रानवाटा तुडवल्या होत्या. त्यांना उपाध्येही नव्हता आणि वैद्यही भेटला नाही. त्यांच्या घरचा ‘माझा प्रवास’ जात्यावरच्या ओव्यांत उरला असेल तर असेल, आणि जाती आता सोसायटीच्या गच्चीत कुंड्यांखाली असतात. म्हणून या पुस्तकावर प्रेम करताना ते आपल्या सगळ्यांचा वारसा आहे असं घाईने म्हणू नये असं आम्हाला वाटतं. एका घराचा आहे. तो इतका प्रामाणिकपणे सांगितला आहे की दुसऱ्या घरांना आपापली राहून गेलेली गोष्ट आठवते, हे त्याचं मोल.

वरसईबद्दल थोडं सांगून थांबतो. नवी मुंबईच्या पाण्यासाठी पेण तालुक्यात बाळगंगा नदीवर धरण बांधायला घेतलं. त्या धरणाच्या गैरव्यवहाराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, म्हणून त्यात शिरत नाही. बुडितात जायची ती गावं वरसईच्या खोऱ्यातली. पुनर्वसनाचा घोळ वर्षानुवर्षं चालला. पेणला मूर्ती ठरवायला जाणारे आपण त्या बाजूला वळत नाही. गणपतीच्या आधी कधी गेलात तर वळा. फार काही बघायला मिळेल असं वचन देत नाही. डोंगर आहेत, भाताची खाचरं आहेत, आणि कावड घेऊन माणूस कुठल्या बाजूने गावात शिरला असेल याचा अंदाज करत उभं राहता येतं.

पुस्तक वाचायचं तर कुठलं, असं बाहेर दोघा-तिघांनी विचारलं. शक्य असेल तर पोतदारांचं. जुन्या वाचनालयात चिकाटीने विचारलं तर मिळतं. नाही मिळालं तर वैद्यांचं घ्या, बाजारात त्याच्या आवृत्त्या आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडांसाठी प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा अनुवाद आहे, मृणाल पांडे यांचाही आहे. आणि सुरुवातीचं कर्जाचं प्रकरण गाळू नका, मुलं ते गाळून थेट लढाईवर जातात. आता प्रश्न घेऊ. त्या मागच्या रांगेतल्या बाईंनी गडूबद्दल बोलताना हात वर करून खाली घेतला होता. त्यांनी आधी बोलावं.